फळीवरचा रवा

"म्हणजे अप्पा, गाडी ज्यानं थांबवली त्याचं काहीच नाही? आणि जो नुसता 'अरे बाप्पा' म्हणाला, त्याचं सगळं?"

अप्पा वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठली गाडी?"

"लाकडी. लाल रंगाची. खेळण्यातली."

"बरं… आणि कुणी थांबवली?"

सोवनी मास्तर सदऱ्याच्या बाहीनं मान पुसू लागले.

मठाच्या ओवरीत दुपारची सावली होती. पायऱ्यांखाली नदी उन्हाळ्यानं रोडावलेली. गाभाऱ्यात दत्तासमोरची समई मंद झाली होती आणि तिच्यासाठीच अप्पांच्या वाती चालल्या होत्या.

आता सोवनी मास्तर म्हणजे कुणी पोरसवदा शिष्य नव्हेत. सत्तरी गाठलेला गृहस्थ. हायस्कुलात जन्मभर विज्ञान शिकवलेलं. बळ, गती, घर्षण हे शब्द गावातल्या दोन पिढ्यांच्या डोक्यात त्यांनीच बसवले, काहींच्या तर छडीनं. आणि अप्पा हे त्यांचे मास्तर. अंगठे धरायला लावणारे, मग त्याच मुलाला घरी नेऊन भात जेवू घालणारे.

बायको गेल्यावर अप्पा या मठात येऊन राहिले. दीक्षा घेतली नाही, भगवं नेसले नाहीत. मठाच्या वाती वळायच्या, आल्यागेल्याशी दोन शब्द बोलायचे, आणि बरंचसं बोलायचं नाही, असा त्यांचा दिवस जाई. लोक अडलंनडलं विचारायला येत आणि बहुतेकदा स्वतःच उत्तर देऊन परत जात.

"दिग्या," अप्पा म्हणाले. सोवनी मास्तरांना दिग्या म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. "भर उन्हात चालत आलास. डोक्यावर टोपी नाही. आधी पाणी पी."

"पाणी नको. न्याय हवाय."

अप्पा हसले नाहीत. हसले असते तर मास्तर तसेच उठून गेले असते, आणि मग सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

"केतकीचं काही?" अप्पांनी विचारलं.

"तिचंच. दुसरं माझ्याकडे आहे काय?"

केतकी म्हणजे मास्तरांची नात. पाच वर्षांची, एकुलती एक. तिच्या बापाला नागपुरात नोकरी लागली होती आणि शाळा उघडायच्या आत सगळे तिकडे जायचे होते. नागपूर म्हणजे केतकीच्या आईचं माहेर. म्हणजे मास्तरांच्या व्याह्यांचं गाव, व्याह्यांचं घर, व्याह्यांची मांडी. मास्तरांच्या वाट्याला उरली होती फक्त ही मे महिन्याची सुट्टी.

ती सुट्टी तरी आपली एकट्याची, असं मास्तर धरून चालले होते. तेवढ्यात व्याही स्वतःच येऊन दाखल झाले. म्हणे, लेकीच्या सामानाची बांधाबांध करायला!

"नाना पाठराबे," मास्तर म्हणाले. नाव उच्चारताना तोंडात कडू बी आल्यासारखं झालं. "तहसील कचेरीत होते. स्वभावानं गरीब. कुणाचं वाईट चिंतणार नाहीत. त्याचाच तर त्रास होतो, अप्पा. माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं."

"हं…"

"मी किती तयारी केली होती!"

ती मात्र खरंच केली होती. केतकीला घरच्या घरी, खेळता खेळता, बळ आणि गती शिकवायची असा मास्तरांचा बेत होता. नागपूरला गेली तरी आजोबांनी दिलेलं काही तिच्या डोक्यात राहावं, एवढीच इच्छा. रिकाम्या रिळांची कप्पी केली. पेन्सिलीवर फूटपट्टी आडवी ठेवून तिची तरफ केली. गोट्या आणल्या. भिंतीवर मोठा कागद लावला आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'बळ म्हणजे ढकलणे किंवा ओढणे.' केतकीची मुळाक्षरं अजून 'घ' घराच्या पुढं गेली नव्हती, हे त्या भरात राहून गेलं.

"आणि मग?"

"मग मी गोटी सोडायचो. थांबली की विचारायचो, सांग बघू, का थांबली?"

"काय म्हणायची?"

मास्तरांनी नदीकडे पाहिलं.

"म्हणायची, आजोबा, शू लागली."

अप्पांच्या बोटांतली वात जराशी थरथरली. एवढंच.

"दर वेळी?"

"दर वेळी! आणि हे नाना… त्यांना विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी मांडणीची एक फळी काढली, लोडाला टेकवली, झाली घसरगुंडी. वरून गाडी सोडायची. खाली हे पालथे पडणार, पोटाखालून गाडी जाणार. एवढं मोठं पोट! गाडी जायची कशी? अडकायची. की हे ओरडणार, 'अरे बाप्पा! काहून थांबली व बाई?' आणि ती लोळून लोळून हसणार."

"काहून?"

"तिकडे 'का' ला म्हणतात." मास्तरांचा आवाज फाटला. "अप्पा, आता केतकी पण 'काहून' म्हणते. मला म्हणते! 'आजोबा, तुम्ही जेवले नाही काहून?' माझ्या घरात, माझ्या ताटासमोर बसून!"

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, हे त्या वेळी मास्तरांकडे पाहून कुणालाही समजलं असतं.

नुसतं तेवढंच नव्हतं. नाना शिंकले तरी ती हसे. नाना घोरायला लागले की पाय न वाजवता जवळ जाऊन त्यांच्या मिशीकडे बघत बसे. भाजी नानांच्या हातची नसली तरी नानांच्या ताटातली गोड लागे. आजोबांकडे येई ती फक्त नाडी सुटली की.

मास्तरांना रोज वाटे, आज तरी ती आपल्याकडे येईल. गोट्या पुसून ठेवत. कप्पीची दोरी बदलून ठेवत. पलीकडच्या खोलीतून 'अरे बाप्पा' ऐकू आलं की गोट्यांचा डबा बंद करत, आणि डबा आपटल्याचा आवाज मुद्दाम होऊ देत. आवाज ऐकून कुणी येत नसे.

"तुला हेवा वाटतो," अप्पा म्हणाले.

"हेवा?" मास्तर ताठ झाले. "मला? त्या माणसाचा? अहो, त्यांना तरफ म्हणजे काय हे…"

अप्पांनी पुढची वात ताटात ठेवली.

मास्तरांचे खांदे हळूहळू खाली आले.

"वाटतो," ते म्हणाले. "फार वाटतो. समोर बसून ते जेवतात ना, तेव्हा त्यांच्या घशाखाली घास उतरताना मला बघवत नाही. या वयात असं होईल असं कधी वाटलं नव्हतं. लाज वाटते. पण लाज वाटली म्हणून हेवा जात नाही, अप्पा. दोन्ही एकाच जागी बसून राहतात."

गाभाऱ्यात समईची एक ज्योत फडफडली. अप्पांनी समोरच्या ताटातला कापूस उचलून मास्तरांच्या पुढं केला.

"वळ."

"अप्पा, मी न्याय मागायला…"

"वात वळ. देव अंधारात बसलाय."

मास्तरांनी कापूस घेतला. लहानपणी आईजवळ बसून वळलेल्या वाती त्यांना आठवल्या. दोन्ही तळव्यांत धरून पीळ दिला. कापूस घामट हातात नुसता सरकला. पुन्हा दिला. वात झाल्यासारखी दिसली आणि ताटात ठेवताच उलगडून पुन्हा कापूस झाली.

"होत नाही," मास्तर चिडून म्हणाले.

"होत नाही…" अप्पा म्हणाले. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "गाडी कुणी थांबवली, दिग्या?"

मास्तरांनी हातातल्या कापसाकडे पाहिलं. वर्गात गृहपाठ न करता आलेल्या मुलांची मान अशीच खाली जायची, आणि तेव्हा मास्तरांना त्यांची कधी दया आली नव्हती.

"मी," ते म्हणाले.

"कशी?"

"रवा टाकला."

अप्पांनी वाटीतलं चिमूटभर भस्म उचललं आणि मास्तरांच्या तळव्यावर टाकलं.

"आता वळ. आणि सांग."

भस्माचा कोरडेपणा तळव्याला लागला. कापूस आता सरकेना. बोटांनी पीळ दिला की तिथंच राहू लागला. वात वळली जात होती, आणि मास्तर सांगत होते.

चार दिवसांपूर्वी दुपारी सगळे आडवे झाले होते. नाना घोरत होते. केतकी आजीच्या कुशीत डोळे मिटून पडली होती. मास्तर पाणी प्यायला म्हणून उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि रव्याचा डबा घेऊन बैठकीत आले. फळी तशीच लोडाला टेकलेली होती. तिच्यावर त्यांनी रवा पसरला. कंजूषपणा केला नाही, चांगला हातभर पट्टा पसरला, चाकं रुतावीत इतका. डबा परत जागेवर ठेवला. आणि अंथरुणावर येऊन झोपेचं सोंग घेतलं.

"हेतू काय?" अप्पांनी विचारलं.

"गाडी मध्येच अडावी. नानांचा खेळ मोडावा. तिनं कंटाळून उठावं आणि… माझ्याकडे यावं."

"आली?"

मास्तर हसले. त्या हसण्यात आनंदाचा कण नव्हता.

"ऐका तर. उठल्यावर तिनं गाडी सोडली. फळीच्या मध्यावर आली आणि खर्रकन थांबली. नाना म्हणाले, 'अरे बाप्पा! हे काय होऊन राह्यलं?' मी डोळे किलकिले करून बघत होतो. मनात म्हटलं, आता बसा. तर ती दोघं फळीवर ओणवी झाली. नाना म्हणाले, 'ही वाळू कुठून आली?' केतकीनं बोट लावून चाखलं. म्हणाली, 'वाळू नाही नाना, रवा आहे.' नाना म्हणाले, 'रवा काहून आला फळीवर?'"

"मग?"

"ती जरा थांबली. मग म्हणाली, मुंग्यांनी आणला."

अप्पांचा हात थबकला.

"मुंग्यांनी…"

"पोरच ते. वाटेल ते बोलतं. आणि नानांना ते पटलंसुद्धा! म्हणाले, 'मुंग्या लय हुशार आहेत बाप्पा.' आता बोला!"

"पुढं?"

"पुढं माझं नशीब. तिनं रवा पुसला, गाडी सोडली, धावली. पुन्हा रवा टाकला, सोडली, अडली. मग स्वयंपाकघरातून डबेच आणले. पीठ टाकून बघितलं. साखर टाकून बघितली. मग गाडी राहिली बाजूला, काड्यापेटी घेतली. काड्यापेटी रव्यावर जागची हलेना. फळीवर मोहरी पसरली, तर मोहरीवरून ती अशी सुटली की थेट नानांच्या कपाळावर. संध्याकाळपर्यंत तेच. आजी ओरडली, फोडणीला मोहरी ठेव गं. कुणी ऐकतंय?"

मास्तर बोलताना विसरलेच होते की ही तक्रार आहे. त्यांचे डोळे चमकत होते.

"आणि अप्पा, रात्री जेवताना ती म्हणाली, खरबरीत असलं की धरून ठेवतं आणि गोल गोल असलं की पळू देतं. अहो, घर्षण! हेच तर मी महिनाभर तिला सांगू बघत होतो. मी वर्गात तासभर फळा भरून शिकवायचो, तरी पोरांना इतकं चोख सांगता यायचं नाही. मला वाटलं उठून तिला…"

ते थांबले.

"तिला?"

"कडेवर घ्यावं. पण तिनं ते मला सांगितलं नव्हतं. नानांना सांगितलं होतं. सून म्हणाली, बाबांनी किती छान शिकवलं हो हिला! बाबांनी म्हणजे तिच्या बाबांनी. आमची ही म्हणाली, खरंच बाई, व्याह्यांना मुलांची हातोटी आहे. आणि मी मूग गिळून भात कालवत बसलो. काय सांगू? की तो रवा मी टाकला? कशासाठी टाकला?"

अप्पांनी मास्तरांच्या हातातून वात घेतली, उजेडात धरून पाहिली आणि ताटात ठेवली. या वेळी ती उलगडली नाही.

"म्हणून न्याय मागतो," मास्तर म्हणाले. "घर्षण कुणी शिकवलं? मी. ज्यानं अडवलं, त्यानं. मग श्रेय त्यांना का?"

"तू इथवर कसा आलास?"

"चालत. तुम्हीच म्हणालात."

"रस्त्यावर तेल सांडलेलं असतं तर?"

"घसरून पडलो असतो." मास्तर सवयीनं उत्तर देत होते. मग एकदम म्हणाले, "ते मला ठाऊक आहे, अप्पा. जमीन पायाला अडवते म्हणून पाय पुढं पडतो. मी जन्मभर तेच शिकवलंय."

"शिकवलंयस खरं…"

अप्पांनी दुसरा कापूस उचलला.

पायऱ्यांवर एक कावळा पाणी पिऊन गेला. मास्तरांनी आपले हात पाहिले. भस्मानं दोन्ही तळवे पांढरे झाले होते.

"बोलते का तुझ्याशी?" अप्पांनी विचारलं.

"कोण, केतकी? बोलते. पण त्या दिवसापासून नुसती माझ्याकडे बघते आणि तोंडावर हात धरून हसते. मला चिडवल्यासारखी. नानांनी काही शिकवलं असेल."

"आणि…"

"आणि काय? कधी दाराआडून बघते. कधी माझ्या पांघरुणाजवळ येऊन उभी राहते आणि मी डोळे उघडले की पळते. काल फळीजवळ बसली होती. मला म्हणाली, 'आजोबा, आज मुंग्या येणार नाहीत?' मी म्हटलं, मला काय विचारतेस, विचार जा तुझ्या नानांना. तोंड एवढंसं करून गेली."

अप्पांनी डोळे मिटले.

"आज काय म्हणाली? निघालास तेव्हा."

"आज?" मास्तर आठवू लागले. "मी चपला घालत होतो. म्हणाली, कुठं चाललात? म्हटलं, मठात, माझ्या मास्तरांकडे. तर म्हणाली, 'मठात फळी आहे?' मी म्हटलं, मठात फळी कसली, पाट आहेत. आत पळाली आणि ही पुडी आणून माझ्या खिशात घातली." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून वर्तमानपत्राच्या कागदाची एक वेडीवाकडी पुडी काढली. तिला केसांची निळी फीत बांधलेली होती. "खाऊ असेल. तुमच्यासाठी. घ्या."

"माझ्यासाठी म्हणाली?"

"तसं नाही म्हणाली. म्हणाली, 'घेऊन जा, तिथं लागेल.'"

अप्पांनी पुडी घेतली. म्हाताऱ्या बोटांना फितीची गाठ लवकर सुटेना. मास्तर मदतीला पुढं झाले, पण अप्पांनी हात मागं घेतला आणि गाठ सावकाश, आपणच सोडली.

कागद उलगडला.

आत रवा होता.

मास्तर बघत राहिले.

"हे…" मास्तर म्हणाले. "हे तिनं… हे काय?"

अप्पांनी शेजारचा पाट ओढला. एक बाजू पायरीवर टेकवली. त्यावर बोटांनी रव्याचा पातळ पट्टा ओढला. मग देवापुढची एक सुपारी घेऊन वरून सोडली. सुपारी घरंगळत आली, रव्यात शिरली आणि थांबली.

"दुपारी," अप्पा म्हणाले, "पाच वर्षांची मुलं झोपतात का रे?"

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. आजीच्या कुशीतलं ते मिटलेलं तोंड त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. पापण्या जरा जास्तच घट्ट मिटलेल्या होत्या. त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं आणि रव्याच्या घाईत सोडून दिलं होतं.

"तिनं पाहिलं," ते म्हणाले. "मला डबा घेऊन जाताना पाहिलं. पहिल्यापासून…"

"हं."

"आणि नानांनी विचारलं तेव्हा म्हणाली, मुंग्यांनी…"

ते तसेच बसून राहिले, पांढरे तळवे मांडीवर उताणे टाकून. सत्तर वर्षांच्या त्या माणसाला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही. ज्या नातीसाठी ते इतके दिवस जळत होते, ती त्यांचं चोरून केलेलं काम कुणाला न सांगता जपून बसली होती. आईला नाही, आजीला नाही, नानांनासुद्धा नाही. घरात एक गोष्ट अशी होती जी फक्त केतकीची आणि आजोबांची होती, आणि ती आजोबांनाच माहीत नव्हती. काल ती तीच आठवण करून द्यायला आली होती, आणि त्यांनी तिला नानांकडे पिटाळलं होतं.

"तिला कळलंय का," मास्तरांनी डोळे पुसत विचारलं, "की मी ते… रागानं टाकलं?"

अप्पांनी सुपारी उचलून पुसली आणि देवापुढं ठेवली.

"तिला वाटलं, मी खेळलो."

मास्तरांनी पाटावरच्या रव्याकडे पाहिलं.

"अप्पा, मी खेळलो नव्हतो. मी मोडायला गेलो होतो. आता तिच्यापुढं कसा जाऊ? खरं सांगू? की सांगू नको? आणि नाना समोर असतील. त्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं तरी कसं?"

अप्पांनी पाटावरचा रवा एका बाजूला लोटला, कण न् कण गोळा करून परत कागदावर घेतला. कागदाची घडी घातली, निळी फीत गुंडाळली आणि तशीच वेडीवाकडी गाठ मारली, जशी आधी होती तशी. मग ती पुडी मास्तरांच्या भस्मानं माखलेल्या हातावर ठेवली आणि त्यांची बोटं तिच्यावर मिटवली.

"ऊन उतरतंय. ती फळीशी बसली असेल."

मास्तर उठले. पायऱ्यांपाशी जाऊन थांबले. वळून पाहिलं.

"काय सांगू तिला, अप्पा?"

अप्पांनी नवा कापूस हातात घेतला होता.

"मुंग्यांना सांग," ते म्हणाले, "या वेळी नानांच्या देखत टाका."